कानूचं वय आणि तुमच्या लेकराचा दाखला

बसा खाली. मोबाइल खिशात घाला आणि आज जरा ऐकून घ्या. माझ्या हाताखालून शिकून गेलात म्हणून बोलतोय, परक्याला कशाला बोलू?

नेकनूरच्या हॉटेलात चहा थंड होईपर्यंत तुमचा वाद कशावर, तर नायजेरियाचा फुटबॉलपटू न्वान्क्वो कानू याचं खरं वय किती. एक म्हणतो, कागदावर जन्म 1 ऑगस्ट 1976 असेल, पण गडी दहा वर्षांनी तरी मोठा असणार. दुसरा मोबाइलवर फोटो मोठा करून त्याच्या सुरकुत्या मोजतो. तिसरा तर थेट निकालच देऊन मोकळा होतो की वय खोटं म्हणजे सगळी कारकीर्दच खोटी. तुम्हाला पंच नेमलं कुणी? आणि पुरावा काय, तर चेहरा! थंडीवाऱ्यात पहाटे चारला उसाच्या फडात उभ्या राहणाऱ्या तिशीतल्या बाईचा चेहरा कधी नीट बघितलाय का? तोंडावरून वय ठरवायचं म्हटलं तर आपल्या अर्ध्या बीड जिल्ह्याला आजच पेन्शन सुरू करावी लागेल.

कानूच्या वयावर बोलणारे पुष्कळ, पुरावा देणारा मात्र अजून कुणी दिसला नाही. त्यानं मैदानावर केलं ते अख्ख्या जगानं पाहिलंय. 1996च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये उपांत्य सामन्यात ब्राझील 3-1 असं पुढं होतं. नायजेरियानं एक गोल फेडला, सामना संपता संपता कानूनं बरोबरी केली आणि जादा वेळेतला निर्णायक गोलही त्यानंच मारला. अंतिम सामन्यात अर्जेंटिना हरली आणि फुटबॉलचं ऑलिंपिक सुवर्णपदक पहिल्यांदा आफ्रिकेत गेलं. त्यानंतर काही आठवड्यांतच डॉक्टरांना त्याच्या हृदयाच्या झडपेत दोष सापडला. खेळ संपला असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. शस्त्रक्रिया करून तो परत आला, 1999 साली आर्सेनलकडून चेल्सीविरुद्ध शेवटच्या पंधरा मिनिटांत तीन गोल करून हरलेला सामना जिंकून दिला आणि 2000 साली आफ्रिकेतल्या लेकरांच्या हृदयशस्त्रक्रियांसाठी संस्था काढली. यातलं काय खोटं आहे, सांगा बरं! झडप की गोल?

आता वयाचं शास्त्र सांगतो, वर्गात शिकवलं तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मनगटाजवळ, अंगठ्याच्या बाजूला जे लांब हाड असतं, त्याच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. एक्स-रेमध्ये ती काळी फट दिसते. वय वाढतं तशी ती भरत जाते आणि वाढ संपली की हाड एकसंध दिसतं. सतरा वर्षांखालच्या विश्वचषकासाठी फिफानं 2009 पासून याच मनगटाचा एमआरआय काढायला सुरुवात केली. आपलं क्रिकेट मंडळही लहान गटातल्या पोरांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतं. पण ही तपासणी पोरांपुरतीच. फट एकदा बुजली की त्या हाडाला विचारून काही उपयोग नाही, बाविशीतलं मनगट आणि बत्तिशीतलं मनगट सारखंच. पन्नाशीला टेकलेल्या कानूचं नेमकं वय आता कुठलंही यंत्र सांगू शकत नाही, आणि तुम्ही मात्र एका कटिंगवर सांगता!

नायजेरियात सगळं सोवळं होतं असं मी म्हणत नाही. खेळाडूंच्या जन्मतारखा एका स्पर्धेत एक आणि दुसऱ्या स्पर्धेत वेगळ्या निघाल्या, म्हणून फिफानं त्यांच्या युवा संघांवर दोन वर्षांची बंदी घातली होती आणि 1991 ची युवा विश्वस्पर्धा त्यांच्या हातून गेली. 2009 मध्ये एमआरआयनंतर त्यांच्याच महासंघाला डझनाहून जास्त पोरं संघातून काढावी लागली. हे लिखित आहे, नाकारत कुणीच नाही. पण ज्याची जन्मनोंद कुठंच झाली नाही तो, आणि नोंद असूनही जो ती खोडतो तो, यात फरक असतो. तुम्हाला तो कळायला पाहिजे. नेकनूरच्या माणसाला नाही कळायचा तर कुणाला?

तुमच्या आजोबांची जन्मतारीख काय, घरी जाऊन बघा. 1 जून. शेजारच्या आजोबांची? 1 जून. समोरच्या घरातही तेच. गावात काय एका दिवशी सगळ्या बाळंतिणी बाळंत झाल्या होत्या? शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, बाप लेकराला धरून आणायचा, तारीख विचारली की म्हणायचा, 'लिवा गुरुजी तुमच्या मनानं.' गुरुजी उंची बघायचे, डोक्यावरून हात फिरवून कान धरता येतो का बघायचे आणि 1 जून टाकायचे. त्या एका सवयीमुळं महाराष्ट्रात आजही 31 मे आला की सरकारी कचेऱ्यांतून निवृत्तीचे हार एकदम वाटले जातात. त्याआधी निजामाच्या राज्यात तर नोंदी उर्दूत आणि साल फसली. निजाम गेल्यावरही जन्म सांगायचा तो 'बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी दोन वर्षं' असा. कुणबी नोंदी शोधायला लागल्यापासून प्रवेश-निर्गम रजिस्टर म्हणजे काय हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक झालंय, म्हणून जास्त सांगत बसत नाही.

आणि हे जुनं झालं म्हणू नका. दिवाळीच्या आगंमागं ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर जातात. कोपीत लेकरू जन्मतं, कुठल्या जिल्ह्यात, कधी कधी कुठल्या राज्यात. आई चार दिवसांत पुन्हा मोळ्या बांधायला उभी राहते. एकवीस दिवसांत जन्मनोंद करायची असते, हे तिला कोण सांगणार? मुकादम? त्या लेकराची शाळा दर वर्षी अर्ध्यातून मोडते, म्हणून ते चौथीत असताना पाचवी-सहावीएवढं दिसतं. त्याला 'घोडा' म्हणून हसणारे तुम्हीच. त्यानं कुणाचं काही चोरलेलं नाही. मोठं दिसणं हा गुन्हा नाही. त्याच्या बापाला तारीख माहीत नव्हती, त्यानं ती विकत घेतली नव्हती.

पण तुम्ही? तुम्हाला तारीख माहीत आहे. दवाखान्यात जन्म, ग्रामपंचायतीचा दाखला, आधार, सगळं जागच्या जागी. तरी मैदानावरून घरी निघालो की कोपऱ्यात गाठता, आवाज बारीक करता. 'सर, दीड वर्षाचाच प्रश्न आहे. सतरा वर्षांखालच्या कबड्डीत लेकरू बसतंय. तेवढं रजिस्टरला बघा ना.' कानूच्या सुरकुत्या मोजणारी तीच बोटं आता माझ्यापुढं जोडलेली. लाज नाही वाटत? दाखल्यावर जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, दोन्ही लिहायची पद्धत कशासाठी आहे? खाली बारीक अक्षरात कायदेशीर कारवाईचा इशारा छापलाय, तो काय सजावटीला? आणि नाही म्हटलं की लगेच, 'सगळेच करतात, सर. तुम्हीच तेवढे हरिश्चंद्र.' हो, मीच तेवढा.

तुमच्या दीड वर्षानं काय होतं, तेही ऐका. चौदा वर्षांखालच्या गटात दाढी फुटलेला चढाईपटू आला की समोरचं बारा-तेराचं पोरगं पकडीला पुढं होत नाही. त्याला हात मोडायची भीती वाटते आणि ती रास्त असते. दोन सामने हरलं की बाप म्हणतो, सोड ते खूळ, शिकवणी लाव. ते पोरगं मैदानावर पुन्हा येत नाही. त्याचं नाव कुठल्या यादीत लागत नाही, म्हणून त्याचं नुकसानही कुणाला दिसत नाही. 2015 साली दिल्लीतल्या पतौडी व्याख्यानात राहुल द्रविडनं वयचोरीला मॅच फिक्सिंगच्या पंक्तीत बसवलं, तेव्हा अनेकांना ते जड वाटलं. मला हलकंच वाटलं. फिक्सिंगमध्ये पैसा जातो, इथं कुणाचं तरी लहानपण जातं.

आणि हे सगळं करता ते खेळाच्या प्रेमापोटी, असलं मला सांगू नका. दहावी-बारावीचे वाढीव क्रीडागुण आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, डोळा तिथं आहे. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं आपल्या मराठवाड्यातच बाहेर आली. तरी शहाणपण येत नाही.

आपल्याच जिल्ह्यातला अविनाश साबळे, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. चौदा वर्षांखालच्या कुठल्या पदकानं तो मोठा झाला? बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये, सियाचीनला राहिला आणि विशीत आल्यावर खऱ्या अर्थानं शर्यतीकडं वळला. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य, 8 मिनिटं 11.20 सेकंद. सुवर्ण घेणारा केनियाचा धावपटू फक्त पाच शतांश सेकंदानं पुढं होता. पुढच्या वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्ण.

मुंबईचा प्रवीण तांबे बघा. वर्षानुवर्षं कंपन्यांच्या स्पर्धांत आणि क्लब क्रिकेटमध्ये गोलंदाजी करत राहिला, रणजीचा एकही सामना तोवर मिळाला नव्हता. 2013 मध्ये राजस्थान रॉयल्सनं घेतलं तेव्हा वय 41. पुढच्या हंगामात हॅटट्रिक. त्याच्या वयाचीही चेष्टा झालीच, पण त्यानं ते लपवलं नाही. एक्केचाळीस म्हणजे एक्केचाळीस, टाका चेंडू. आता सांगा, दीड वर्षासाठी माझ्यापुढं हात जोडणारे तुम्ही मोठे की तो?

कानूचं वय तुमच्या हातात नाही. त्याचं मोठेपण तर त्याहून नाही. तुमच्या हातात आहे ते तुमच्या लेकराचा दाखला आणि त्याचा सराव. त्यातली तारीख मी बदलणार नाही. मी निवृत्त झाल्यावर दुसऱ्याला गाठायचा विचार असेल तर तोही आत्ताच सोडून द्या. लेकरू सतराच्या गटात बसत नसेल तर एकोणीसच्या गटात खेळवा. तिथं मार खाईल, खाऊ दे. सकाळी सहाला मैदानावर पाठवा, मी असतोच. येताना बूट घालून पाठवा, आणि तुम्ही मात्र हॉटेलात बसू नका. लेकराबरोबर चार फेऱ्या मारा.