उशिरा घ्यायची पदवी

लिबरल स्टडीजमध्ये एम.ए. केलेल्या मुलाला आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे नेमकं कशात?’ तत्त्वज्ञान, साहित्य, राज्यशास्त्र, थोडं विज्ञान, अशी यादी सुरू झाली की विचारणाऱ्याचा रस संपतो. नातेवाइकांचं सोडा, निवड समितीलाही हाच प्रश्न पडतो. सहायक प्राध्यापकपदासाठी यूजीसीची २०१८ची नियमावली संबंधित किंवा संलग्न विषयातली पदव्युत्तर पदवी मागते. नेटचा दुसरा पेपर एकाच विषयाचा असतो आणि विषयांच्या यादीत लिबरल स्टडीज नाही. चार विषयांच्या वेशी ओलांडून आलेल्याला पाचव्या वेशीवर अडवलं जातं, ते असं.

नियमावली बदलायला हवी, हे उघड आहे. पण ती उद्या बदलली तरी मूळ चूक शिल्लक राहील. ही पदवी आपण चुकीच्या वयात देतो आहोत.

अमेरिकेत ती सुरू झाली, तेव्हा कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली मुलं कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. वेस्लियन विद्यापीठाने १९५३मध्ये असा पहिला अभ्यासक्रम काढला तो शाळाशिक्षकांचा विचार करून. सेंट जॉन्स कॉलेजने १९६७मध्ये सांता फे इथे सुरुवात केली तीही शिक्षकांपासूनच. स्टॅनफर्डचा १९९१पासूनचा अभ्यासक्रम नोकरी-व्यवसाय सांभाळून संध्याकाळी करायचा आणि त्याला तीन-चार वर्षं सहज लागतात. अशा वर्गांत वकील असतात, परिचारिका असतात, निवृत्त अभियंते असतात. या पदवीने नोकरी मिळेल का, हे विचारायची त्यांना गरज नसते.

सेंट जॉन्सची रीत जरा जवळून पाहण्यासारखी आहे. तिथे व्याख्यान नसतं. टेबलाभोवती सगळे बसतात, शिकवणारा (त्याला प्राध्यापक म्हणत नाहीत, ट्यूटर म्हणतात) एक प्रश्न टाकतो आणि मग बराच वेळ गप्प राहतो. तत्त्वज्ञान-धर्मशास्त्र, राजकारण-समाज, साहित्य, गणित-विज्ञान आणि इतिहास अशा पाच भागांपैकी चार पुरे केले की पदवी. गणिताच्या भागात युक्लिड असतो, आणि सिद्धता विद्यार्थ्यानेच फळ्यापाशी जाऊन मांडायची. समजा, पन्नाशीचा एक वकील पहिल्या खंडातलं सत्तेचाळिसावं प्रमेय मांडतो आहे. आपण शाळेत ज्याला पायथागोरसचा सिद्धांत म्हणतो, तेच हे. वीस-पंचवीस वर्षं त्याने साक्षीदार उलटतपासले आहेत. इथे साक्षीदार नाही, संशयाचा फायदा नाही, एक पायरी निसटली तर सगळं कोसळतं. नंतर लोबाचेव्हस्की वाचताना त्याच्या लक्षात येतं की समांतर रेषांचं एक गृहीतक बदललं तर दुसरी, तितकीच सुसंगत भूमिती उभी राहते. या माणसाला कोर्टातला पुरावा आता वेगळा दिसणार. वेगळा दिसणार, कारण त्याच्याकडे कोर्ट आहे.

बावीस वर्षांच्या मुलाकडे ते नसतं. तो तेच प्रमेय वकिलापेक्षा भराभर मांडेल कदाचित, पण ते आदळेल कशावर? आंतरविद्याशाखीय म्हणायचं तर निदान एक विद्याशाखा आधी अंगात मुरलेली हवी. अशा चर्चेत दा. ध. कोसंबींचं नाव घ्यायची आपल्याकडे पद्धतच आहे. जरूर घ्यावं, पण पूर्ण घ्यावं. जुनी नाणी तोलून त्यांच्या झिजेवरून इतिहास वाचणारा हा माणूस आधी पक्का गणिती होता. ते गणित नसतं तर तराजूत नुसती नाणीच राहिली असती.

आपल्याकडे अशोका विद्यापीठाची यंग इंडिया फेलोशिप, म्हणजे पदवीनंतरचा लिबरल स्टडीजचाच अभ्यासक्रम, २०११पासून चालू आहे. तिथे येणाऱ्या अनेकांच्या हाती आधीची अभियांत्रिकीची पदवी असते, म्हणून तिचं बरं चालतं, असं माझं मत आहे. मात्र २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर बहुविद्याशाखीय हा शब्द माहितीपुस्तिकांच्या मुखपृष्ठावर गेला आहे. बी.ए.लाही थोडं थोडं, एम.ए.लाही थोडं थोडं, असं शिकलेला मुलगा बाहेर पडेल तेव्हा त्याला काय येतं हे त्यालाही सांगता येणार नाही. फीचा आकडा मात्र पालकांना तोंडपाठ असेल.

ही पदवी योग्य वयात द्यायला महाराष्ट्रात एक जागा तयार आहे. वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी बारा आणि निवडश्रेणीसाठी चोवीस वर्षांच्या सेवेनंतर शिक्षकाला प्रशिक्षण घ्यावं लागतं. ते कसं उरकलं जातं, हे कुठल्याही शिक्षकखोलीत विचारावं. बारा वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईंना त्याऐवजी मे महिन्याच्या सुट्ट्यांत, तीन-चार वर्षांत मिळून, अशी एम.ए. करू द्यावी. शुल्क शासनाने भरावं आणि ही पदवी वेतनश्रेणीसाठी ग्राह्य धरावी. विद्यापीठांकडे इमारती आहेत आणि मे महिन्यात त्या रिकाम्या असतात. शिक्षक संघटनांनी पुढच्या निवेदनात ही मागणी घालावी.