दुसऱ्याचे पत्र

पोस्टाच्या इतिहासाचे संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जुनी तिकिटे, टपालवाल्यांची पितळी शिंगे, तारयंत्रे आणि लाल पेट्या येतात. मुलांना ते सारे दाखवावे, तार म्हणजे काय ते सांगावे (आपल्याकडे तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता सांगावेच लागते) आणि बाहेर पडावे. पण अशा ठिकाणी एका वस्तूपाशी आपण थोडे अवघडतो. काचेखाली कुणाचे तरी पत्र उघडून ठेवलेले असते. आपण वाकून ते वाचू लागतो, आणि ते आपल्याला लिहिलेले नसते.

नेदरलँड्समधील द हेगच्या पोस्ट संग्रहालयाकडे १९२६ साली एक पेटी आली. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथले पोस्टमास्तर असलेल्या सिमोन द ब्रिएन यांची ती पेटी. आत सुमारे २,६०० पत्रे, सगळी न पोहोचलेली, आणि त्यांतली सुमारे ६०० कधीच न उघडलेली. त्या काळी टपालाचे पैसे पत्र घेणारा देत असे. तिकीट लावून आधी पैसे भरण्याची रीत इंग्लंडमध्ये १८४० साली आली, आपल्याकडे सिंध प्रांतात १८५२ साली. त्यामुळे माणूस सापडला नाही, मेला, किंवा त्याने पत्र नाकारले, तर पोस्टमास्तरचे पैसे बुडत. कधीतरी कोणी येऊन पैसे भरेल या आशेने ब्रिएन ती पत्रे जपून ठेवीत. आशा व्यवहाराची होती, पण तिच्यामुळेच पत्रे राहिली.

त्यांतले एक पत्र आम्हांला विसरता येत नाही. एका स्त्रीने ते द हेगमधल्या एका श्रीमंत व्यापाऱ्याला लिहिले, स्वतःसाठी नव्हे, मैत्रिणीसाठी. ही मैत्रीण ऑपेरात गाणारी. ती पॅरिसला निघून गेली होती आणि फार वाईट अवस्थेत होती. तिला परत यायला पैसे हवे होते. दुःखाचे कारण आपण लिहू शकत नाही, तुम्हीच ओळखा, असे मैत्रिणीने सुचवले आहे. ती गरोदर असावी, असा अभ्यासकांचा तर्क. व्यापाऱ्याने पत्र घेतलेच नाही.

ज्याने वाचायला हवे होते त्याने वाचले नाही, आणि तीनशे वर्षांनी आपण सगळ्यांनी वाचले. यात काही चुकते का?

मेलेल्यांना आता कसली लाज, असे कोणी म्हणेल. पण हे उत्तर आपल्याच आचरणाशी जुळत नाही. मृत माणसाची शेवटची इच्छा आपण पाळतो, त्याच्या पश्चात त्याची निंदा झाली तर आपल्याला लागते. म्हणजे माणूस गेला तरी त्याचे काही देणे आपल्याकडे उरते, हे आपण मानतोच.

२०२१ साली संशोधकांनी याच पेटीतले एक मिटलेले पत्र न उघडता वाचले. पाकिटे रूढ होण्यापूर्वी कागदच घड्या घालून, खोचून, लाखेने बंद करीत. दातांच्या संशोधनासाठी बनवलेल्या क्ष-किरण यंत्राने त्या घड्यांचे चित्रण केले आणि संगणकाने कागद उलगडला. आत काय होते? ३१ जुलै १६९७ रोजी झाक सेनाक नावाच्या गृहस्थाने आपल्या नात्यातल्या भावाकडे एका नातेवाइकाच्या मृत्यूचा दाखला मागितला होता. म्हणजे अगदी आपल्या तलाठ्याकडचे काम! ही करामत थोर आहे, पण एक गोष्ट आम्हांला गमतीची वाटते. मोहोर मोडू नये म्हणून एवढी काळजी घेतली ती कागदाची. गुपिताची मोहोर तर मोडलीच.

मग अशी पत्रे वाचूच नयेत का? तसेही म्हणवत नाही. दर रविवारी दुसऱ्या वाचनात आपण बहुधा दुसऱ्यांनाच लिहिलेले पत्र ऐकतो. पण कलस्सैकरांस लिहिताना संत पौलाने ते लावदिकियातही वाचून दाखवा असे सांगून ठेवले आहे. अनेसिम या गुलामाविषयी फिलेमोनाला लिहिलेले पत्र किती घरगुती! तेही त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीला उद्देशून आहे. तिथे लिहिणाऱ्याने दार उघडे ठेवले होते. त्या गायिकेच्या मैत्रिणीने ते एकाच माणसासाठी उघडले होते.

आपल्या पोस्टाची रीत इथे विचार करण्यासारखी आहे. पत्ता लागत नाही आणि पाठवणाऱ्याचेही नाव बाहेर नाही, असे पत्र रिटर्न्ड लेटर ऑफिसात उघडतात, ते परत कुठे पाठवायचे हे कळावे म्हणून. काम तेवढेच. पूर्वी लिहिता-वाचता न येणाऱ्या आईला पोस्टमन ओट्यावर बसून बोटीवरच्या मुलाचे पत्र वाचून दाखवी, तेव्हा तोही दुसऱ्याचे पत्र वाचत होता. पण तो तिच्यासाठी वाचत होता. ते गावभर सांगत सुटला असता, तर तेच वाचन चोरी ठरले असते. म्हणून आम्हांला वाटते, वाचणारा कोणासाठी वाचतो यावर बरेच काही अवलंबून आहे. त्या गायिकेची दैना कळल्यावर आपण तिला पैसे पाठवू शकत नाही. तिचे नाव चघळायचे की नाही, एवढेच आपल्या हाती आहे.

हा प्रश्न द हेगपुरता असता तर बरे झाले असते. आई-वडील गेल्यावर घर आवरताना कपाटाच्या तळाशी सुतळीने बांधलेला गठ्ठा सापडतो. एक भाऊ म्हणतो जाळून टाका, बहीण म्हणते वाचू. दोघांचेही प्रेमच असते. त्या गठ्ठ्यातल्या लिहिणाऱ्यांपैकी कोणी मावशी, कोणी जुना मित्र अजून हयात असेल, तर सुतळी सोडण्याआधी त्यांना विचारता येते. पत्ता वरच्याच पाकिटाच्या मागे लिहिलेला असतो.