वृद्ध पित्याची शेवटची शिकार आणि आपले पहिले शील



दीक्षा एका दिवसात घेता येते, पण घर एका दिवसात बदलत नाही. पंचशील मुखाने म्हणणे सोपे; ते आपल्याच आईबापांच्या इच्छेच्या आड आले म्हणजे खरी कसोटी लागते. ही कसोटी केवळ आपल्याच वाट्याला आलेली नाही. नवा बौद्ध जुन्या घरात राहतो तिथे तिथे ती आहे. म्हणून आज तुमच्यापुढे दूरदेशीचे एक उदाहरण ठेवतो. परक्याच्या घराकडे पाहताना आपला राग-लोभ मध्ये येत नाही आणि न्याय करणे सोपे जाते.

अमेरिकेच्या पश्चिम भागात, रॉकी पर्वतात, एक हरीण आढळते. त्याचे कान खेचरासारखे मोठे, म्हणून त्याला म्यूल डिअर म्हणतात. उन्हाळ्यात ते उंच माथ्यावर चरते आणि बर्फ पडू लागले की खाली उतरते. कोलोरॅडो, वायोमिंग, युटा या राज्यांत पानगळीच्या दिवसांत त्याची शिकार करण्याची चाल अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बाप मुलाला डोंगरात नेतो, माग काढायला शिकवतो, बंदूक धरायला शिकवतो. ही शिकार मनाला येईल तेव्हा करता येत नाही. कित्येक महिने आधी राज्य सरकारकडे अर्ज करावा लागतो, पुष्कळ ठिकाणी सोडत निघते, आणि परवाना मिळाला तरी नेमलेल्या दिवसांत, नेमलेल्या भागातच जाता येते. मग तंबू, शिधा, ओझ्याची जनावरे, आठ-दहा हजार फुटांवरची विरळ हवा, अवचित येणारे बर्फ, या सगळ्याची तयारी करावी लागते.

आता समजा, अशा एका घरातील मुलाने बुद्धाचा धम्म स्वीकारला. बाप सत्तरी ओलांडलेला. गुडघे धरतात, चढावर दम लागतो. तो म्हणतो, ‘पोरा, एकदा शेवटचं मला डोंगरात घेऊन चल. यंदाचा अर्ज तू भर.’ वाचक हो, त्या मुलाने काय करावे?

दोन उत्तरे झटकन सुचतात. एक : ‘शील मोडते, विषय संपला.’ दुसरे : ‘बापाचा शब्द मोडू नये, हत्या तो करील, दोष त्याचा त्याला.’ दोन्ही उत्तरे विचार करण्याचे कष्ट वाचवतात, म्हणूनच ती संशयास्पद आहेत.

पहिले उत्तर आधी तपासू. परमपूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तत्त्व आणि नियम यांत भेद केला आहे. अहिंसा हे त्यांच्या मते तत्त्व आहे, आंधळेपणाने पाळायचा नियम नव्हे. गरजेपोटी मारणे वेगळे आणि केवळ मारण्याच्या इच्छेने मारणे वेगळे, असे त्यांनी स्पष्ट केले. म्हणून गरिबाच्या ताटात डोकावून त्याला पापी ठरवण्याचा अधिकार धम्म कोणालाही देत नाही. आपल्या देशात ताटावरून माणसाची उच्च-नीचता ठरवणारे आपले गुरू नव्हेत.

तर मग गरज आहे काय, हा प्रश्न विचारावा. डोंगराळ मुलखातील एखाद्या गरीब घराला एका मोठ्या नराचे पंचवीस-तीस किलो मांस हिवाळ्यात मोठा आधार असते. त्या घराचा न्याय वेगळा. परंतु ज्याच्या घरी अन्न भरपूर आहे आणि ज्याला भिंतीवर शिंगे टांगायची आहेत, त्याच्याजवळ गरज कोठून आणणार?

शिकारी याला उत्तर देतात, आणि ते प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. ते म्हणतात, शिकार नसेल तर हरणे वाढतील आणि उपाशी मरतील. यात तथ्य आहे. ॲरिझोनातील कैबाब पठारावर १९०६ साली राखीव क्षेत्र झाले, हरणांच्या शिकारीला बंदी झाली आणि लांडगे व डोंगरी सिंह सरकारी शिकाऱ्यांनी मारून काढले. कळप फुगत गेला, चारा संपला आणि १९२४ नंतरच्या हिवाळ्यांत हजारो हरणे भुकेने मेली. पण या गोष्टीतून काय सिद्ध होते? माणसाने लांडगा मारला म्हणून हरणावर ही पाळी आली. कळप आवरणे हे समाजाचे काम असू शकते, आणि ते खेदाने करावयाचे काम आहे. एखाद्याने आपल्या हौसेला त्या कामाचे नाव द्यावे, हे मात्र मनाला फसवणे आहे. शील शेवटी मनापाशी हिशेब मागते.

आता दुसरे उत्तर. आईबापांचे ऋण तथागतांनी फार मोठे मानले. राजगृहाच्या सिगालाला त्यांनी सांगितले की, आईबापांचे पोषण करणे, त्यांची कामे उचलणे हे मुलाचे कर्तव्य होय. पण त्याच राजगृहात धानंजानी नावाचा ब्राह्मण राजाच्या नावाने लोकांना आणि लोकांच्या नावाने राजाला लुबाडत होता. सारिपुत्ताने विचारले तेव्हा तो म्हणाला, मला आईबाप पोसायचे आहेत. सारिपुत्ताने त्याला समजावले की, आईबापांसाठी केले म्हणून वाईट कृत्य चांगले होत नाही; त्यांना सांभाळण्याचे निर्दोष मार्गही असतात. बापावरचे प्रेम मुलाच्या कृत्याची जबाबदारी पुसून टाकीत नाही.

मग मुलाने तोंड फिरवून बसावे काय? नाही. त्याने बापाची इच्छा उलगडून पाहावी. म्हाताऱ्याला काय हवे आहे? जन्मभर पाहिलेला डोंगर पुन्हा पाहायचा आहे. पहाटेच्या थंडीत शेकोटीजवळ मुलाशी बोलायचे आहे. आपल्याजवळची विद्या, वाऱ्याची दिशा, पावलांचे ठसे, कळप कोणत्या उतारावर येईल याचा अंदाज, ही कोणाच्या तरी हाती सोपवायची आहे. आपण अजून निकामी झालो नाही, हे त्याला एकदा सिद्ध करायचे आहे. या साऱ्या इच्छांत एक घोडा दाबण्याची इच्छा आहे. मुलाने बाकीच्या सगळ्या पुऱ्या कराव्यात. वैद्यकीय तपासणी करवून घ्यावी, चढण कमी असलेली वाट निवडावी, ओझे स्वतः वाहावे, दुर्बीण बापाच्या हाती द्यावी. आणि सांगावे, ‘बाबा, तुम्ही दाखवा, मी पाहतो. बंदूक मात्र मी उचलणार नाही आणि परवान्याचा अर्जही मी भरणार नाही.’

बाप ऐकेलच असे नाही. तो स्वतः अर्ज भरील आणि बंदूक घेऊन निघेल. तर अशा वेळी सत्तरीच्या माणसाला बर्फात एकट्याने जाऊ द्यावे, असे मी म्हणणार नाही. त्याच्या जिवाची काळजी घेणे म्हणजे हत्येत भाग घेणे नव्हे. जखमी हरीण तडफडत राहू नये म्हणून माग काढावा लागला तर तेही करावे. पण त्या कृत्याचा अभिमान बाळगू नये आणि बापाला हिणवूही नये. ज्याने आपले शील राखून बापाला हिणवले, त्याचे शील वाचले पण मैत्री गेली.

सम्राट अशोकाचे उदाहरण इथे डोळे उघडणारे आहे. त्याच्या आठव्या शिलालेखात तो सांगतो की, पूर्वीचे राजे मृगयेच्या सहलींना जात. आपण राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रांत काय होते? श्रमण-ब्राह्मणांच्या भेटी, दान आणि वृद्धांचे दर्शन. शिकार गेली आणि तिच्या जागी म्हातारी माणसे आली! याच लेखाचा एक तुकडा मुंबईजवळ सोपाऱ्याला १८८२ साली सापडला. आणि पहिल्या शिलालेखात तोच सम्राट कबूल करतो की, राजाच्या स्वयंपाकघरात अजून दोन मोर आणि क्वचित एक हरीण मारले जाते, पुढे तेही बंद होईल. सम्राटाचे घरही पायरीपायरीने बदलले.

आता आपल्या घराकडे या. तुमच्या वृद्ध आईने नातवाच्या आजारात मरीआईला बोकड बोलला असेल. ती म्हणते, ‘माझे डोळे मिटण्याआधी नवस फेडा.’ बोकडाला पोटाची गरज मारीत नाही, भीती मारते. आणि दगडापुढे नवस फेडणे बाविस प्रतिज्ञांनी आपल्याला वर्ज्य केले आहे. तेव्हा नवस फेडू नका. पण आईची थट्टाही करू नका. तिची इच्छा उलगडा. तिला नातवाची काळजी आहे, तर नातवाला तिच्यादेखत डॉक्टरांकडे न्या. तिला लेकी-सुना, भावकी एकत्र पाहायची आहे, तर सर्वांना बोलावा, जेवू घाला, वंदना म्हणा आणि पहिले ताट तिच्यापुढे ठेवा.

आईबाप म्हातारे आहेत, वेळ थोडा आहे. त्यांना नकार देण्यापूर्वी त्यांच्याजवळ बसा. शील आणि माया ही दोन्ही एकाच घरात नांदू शकतात, हे आपल्या मुलांना आपल्याच वागण्यातून दिसले पाहिजे.

जय भीम!