स्वतःची उलटतपासणी

भाचीनं नवी डायरी दाखवली. प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक छापील प्रश्न. 'तुला खरा आनंद कशात मिळतो?' 'पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे पाहतेस?' वर्षभराचा रतीबच. तिचे वडील चहा घेता घेता म्हणाले, "हेच लग्नाकार्यात मावशीनं विचारलं की तोंड फिरवतेस, आणि इथे पैसे मोजून विचारून घेतेस?" भाची हसली. मला मात्र तो टोमणा दिवसभर पुरला.

आत्मपरीक्षणाची थोरवी आपण शाळेपासून ऐकत आलोय, ती पुन्हा उगाळत नाही. माझी एक जुनी खोड आहे, अशा प्रश्नांचे दोन ढीग करायची: हिशेबाचे आणि मुलाखतीचे. हिशेबाचा प्रश्न घडून गेलेल्या गोष्टीबद्दल असतो. आज कोणावर आवाज चढवला? कबूल केलेलं कोणतं काम टाळलं? इथे थाप मारली तर लिहितानाच हात अडखळतो. मुलाखतीचा प्रश्न पुढचं विचारतो, आणि उमेदवारही आपण, नेमणूक करणारेही आपणच, म्हटल्यावर उत्तर झकासच येतं. डायरीतले बहुतेक प्रश्न या दुसऱ्या ढिगातले. ते फाडून टाकावेत आणि पहिले ठेवावेत, एवढंच लिहायला मी बसलो होतो.

साक्षीदार म्हणून सेनेका हाताशी होता. हा पहिल्या शतकातला रोमन तत्त्वज्ञ क्रोधावरच्या ग्रंथात स्वतःची रात्रीची सवय सांगतो. दिवा नेला, पत्नी गप्प झाली, की तो सबंध दिवस तपासायला घ्यायचा. अमक्या वादात फार तावातावानं बोललास, तमक्याला नको इतकं फटकारलंस. शुद्ध हिशेब. पण पुढे तो म्हणतो की चुकांना भ्यायचं कशाला? पुन्हा करू नकोस, या वेळी माफ केलं, असं स्वतःला सांगता येतंच की. इथे माझं त्याच्याशी बिनसतं. आरोपी, वकील आणि न्यायाधीश एकच माणूस, आणि निकाल रोज माफीचा! शिवाय ती गप्प झालेली पत्नी. नवऱ्याची सवय ठाऊक होती म्हणून ती बिचारी बोलत नसे. दिवसभर त्याला पाहणारी एक साक्षीदार शेजारीच होती, आणि या गृहस्थाच्या खटल्यात तिची साक्षच नाही.

थोडं आडवळण घेतो. मुंबईत खेतवाडीतल्या माळ्यावर निसर्गदत्त महाराज बसत. विड्यांचा धंदा केलेला माणूस, बोलणं मराठीतून. मॉरिस फ्रिडमननं त्या संवादांचं इंग्रजी पुस्तक 1973 साली काढलं आणि देशोदेशीची माणसं तो जिना चढू लागली. कोणी मोठा प्रश्न घेऊन आलं की महाराज तो विचारणाऱ्यावरच उलटवत: हे विचारतंय कोण? 'मी कोण' हा तर अगदी एकट्यानं, डोळे मिटून विचारायचा प्रश्न. तरी त्यासाठी लोक समुद्र ओलांडून आले, कारण समोर बसून तो परतवणारं कोणीतरी हवं होतं. खुद्द महाराजांनाही 'मी आहे' या जाणिवेला धरून राहा, हे त्यांच्या गुरूंनी, सिद्धरामेश्वर महाराजांनी, सांगितलं होतं.

मग माझे दोन ढीग डळमळले. बेंजामिन फ्रँकलिननं ते पुरतेच मोडले. हिशेबात त्याचा हात धरणारा कोणी नाही. गुणांची यादी, लाल शाईनं आखलेली वही, चुकलं की काळा ठिपका. आठवड्याला एक गुण, म्हणजे 13 आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार. सकाळचा प्रश्न: आज काय चांगलं करू? संध्याकाळचा: आज काय चांगलं केलं? पण आत्मचरित्रात तो सांगतो की मूळ यादीत 12च गुण होते. एका क्वेकर मित्रानं त्याला मायेनं सांगितलं, लोक तुला गर्विष्ठ समजतात. वादात तुझं बरोबर असून भागत नाही, तू समोरच्याला चिरडतोस. नुसतं सांगितलं नाही, प्रसंगांमागून प्रसंग काढून दाखवले. तेव्हा कुठे 'नम्रता' हा तेरावा गुण यादीत आला.

त्या मित्राशिवाय फ्रँकलिन जन्मभर बारा रकान्यांत इमानदारीनं ठिपके देत राहिला असता, आणि गर्वाला रकानाच मिळाला नसता. हिशेब चोख, खातंच गहाळ. प्रश्न मागचा की पुढचा, यावर मी उगाच इतकी वर्षं जोर दिला. तो विचारणाऱ्यानं आपल्याला जवळून पाहिलंय का, हे आधी बघायला हवं. मावशी चार वर्षांनी एकदा मांडवात भेटते. तिचा प्रश्न टाळला तरी चालेल. पण शेजारच्या टेबलावर रोज बसणारा सहकारी, घरातली धाकटी, जुना भांडखोर मित्र, यांना 'मी कुठे चुकतो?' असं विचारायचं, आणि ते प्रसंग मोजू लागले की मध्ये तोंड घालायचं नाही. हे डायरीपेक्षा अवघड आहे. माझ्यानं ते फारसं होत नाही.

फ्रँकलिननं त्यानंतर 'नक्कीच', 'निःसंशय' असले शब्द बोलण्यातून काढून टाकले आणि 'मला असं वाटतं'वर आला. नम्रता खरोखर अंगी बाणली असा दावा तो करत नाही. वरवरची बऱ्यापैकी जमली, म्हणतो. त्याच्यासोबत बैठकीला बसणाऱ्यांची तेवढ्यानंही सोय झाली असणार.