रद्दीला भाव आहे, पिशवीला नाही

आपल्याकडे पर्यावरणाचे कायदे कमी आहेत, अशी तक्रार कुणी करू नये. १९७४ चा पाण्याचा कायदा, १९८१ चा हवेचा, भोपाळच्या वायुकांडानंतर आलेला १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, २०१० चा हरित लवादाचा. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तर निसर्गाचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्यच ठरवून टाकले. तरीही २०१६ च्या जानेवारीत देवनारचा कचऱ्याचा डोंगर पेटला आणि मुंबईवर धूर पसरला. अशा वेळी एक उत्तर हमखास ऐकू येते : कायदे चांगलेच आहेत हो, आपल्या लोकांना शिस्त नाही. हे उत्तर सोयीचे आहे, पण खरे नाही.

कारण ज्या घरात ओला-सुका कचरा एकाच डब्यात जातो, त्याच घरात वर्तमानपत्रांचा गठ्ठा महिनाभर घडी न मोडता रचून ठेवलेला असतो. सोड्याची काचेची बाटली न चुकता दुकानात परत जाते. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून भंगारवाल्यासाठी साठवणारी घरे काही कमी नाहीत. यासाठी कुणी मोहीम काढली नव्हती, की शपथ दिली नव्हती. रद्दीवाला दारात येतो, वजन करतो आणि पैसे हातावर ठेवतो, एवढेच. वस्तूला मोल असले आणि ती नेणारा माणूस ठरलेला असला, की हीच बेशिस्त म्हणवली जाणारी माणसे वर्षानुवर्षे नेम पाळतात. कायद्याने नेमके हेच दोन धागे पकडायला हवेत.

२०१८ ची महाराष्ट्राची प्लॅस्टिकबंदी या कसोटीवर पाहण्यासारखी आहे. तिच्यात दोन निरनिराळे विचार होते. एक दंडाचा : पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, तिसऱ्याला २५,००० आणि तुरुंगही. दुसरा अनामत रकमेचा : दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे आधी घ्यायचे, रिकामी पिशवी आणून दिली की परत द्यायचे. दंडाची पावती फाडणे सोपे, म्हणून धाडी पडल्या, त्याही लाटेसारख्या. भाजीवाला सापडला, पिशवी बनवणारा क्वचितच. अनामत मात्र ग्राहकाच्या रोजच्या व्यवहारात आलीच नाही. रिकाम्या पिशव्या दुकानात ठेवायच्या कुठे, त्यांचा वास, त्यांचा हिशेब, या अडचणी खोट्या नव्हत्या. पण तो खर्च टळला असे कुठे झाले? तो गटारे उपसणाऱ्या पालिकेच्या माथी गेला, आणि गटारात उतरणाऱ्या माणसाच्याही. आणि गरिबाला ५० पैसे जड जातील म्हणावे, तर ते परत मिळणारे होते. ५,००० चा दंड परत मिळत नाही.

पुण्यात याची दुसरी बाजू दिसते. १९९३ मध्ये उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली. तिची सभासद दारावर येते, घराकडून मासिक शुल्क घेते, सुका कचरा विकून आपली कमाई वाढवते. कचरा मिसळलेला असेल तर तोटा तिचा, म्हणून ती तिथल्या तिथे सुनावते. जाहिरातीच्या फलकापेक्षा हे सुनावणे जास्त लागू पडते! सारे आलबेल आहे असे नाही. पालिकेशी कराराचा प्रश्न पुन्हापुन्हा टांगणीला लागतो. पण जिथे घंटागाडीवाला डोळ्यांदेखत दोन्ही डबे एकत्र ओततो, तिथे वेगळा केलेला कचरा हा निव्वळ वेडेपणा ठरतो.

खरा आक्षेप याहून मोठा आहे. कारखाने नद्यांत सांडपाणी सोडत असताना घरच्या डब्याचे काय कौतुक? कौतुक नकोच, पण हिशेब तोच लावावा. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातल्या मुख्य कलमाची कैद काढून दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड ठेवला. कैद गेली याचे मला फारसे दुःख नाही, खटले वर्षानुवर्षे रेंगाळतच होते. दुःख रकमेचे आहे. सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा वर्षभर चालवण्याचा खर्च दंडापेक्षा जास्त असेल, तर कारखानदार दंड हा उत्पादनखर्चच धरणार, आणि त्याच्या वहीत ते चूकही नाही. म्हणून कापडी पिशवी खांद्याला अडकवणाऱ्याने आणखी एक काम अंगावर घ्यावे. नव्या प्रकल्पाच्या जनसुनावणीत दंड किती, हे विचारण्याआधी शुद्धीकरणाला वर्षाला किती लागणार ते विचारावे, आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.