आहे, पण सापडत नाही

एखादी वस्तू आहे की नाही, हे कोणी ठरवायचं, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी हजारो वर्षं चघळला आहे. माझ्यासारख्या बी.कॉम. माणसानं त्यात पडायचं काही कारण नव्हतं. पण 2003 साली मोऱ्याच्या घरी मी संगणक आणला आणि पडलो.

त्यात मॉडेम होता. म्हणजे टेलिफोनची वायर जोडून इंटरनेट लावायचं कार्ड. पैसे मोजलेले, पावती फायलीत! पण एका मित्राच्या नादानं संगणकावर लिनक्स घातलं, आणि ते म्हणालं, मॉडेम नाही.

मित्र भरतीची वेळ साधून भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं आला. त्यानं 'एलएसपीसीआय' अशी आज्ञा टाइप केली. आतल्या कार्डांची यादी उमटली. यादीत मॉडेम होता! मग त्यानं मॉडेमला 'एटी' अशी हाक मारली. जागा असेल तर मॉडेमनं 'ओके' म्हणायचं, शाळेतल्या 'हजर'सारखं. आमचा गप्प.

"हा विनमॉडेम," मित्र म्हणाला. "स्वस्त पडावा म्हणून याचं काम संगणकावर ढकललेलं असतं, आणि ते करणारा प्रोग्रॅम विंडोजपुरताच."

थोडक्यात, मस्टरवर सही, खुर्ची रिकामी. बँकेत असल्यानं मला लगेच समजलं. शेवटी बाहेरून जोडायचा मॉडेम आणला. तो पहिल्या हाकेला 'ओके' म्हणाला.

हे सगळं मी विसरलो होतो. मग एका नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आमच्या कोळीणमावशी काउंटरवर आल्या. नवऱ्यामागची पेन्शन. जन्मभर मासळी साफ करून बोटांच्या रेघा झिजलेल्या. यंत्र अंगठा ओळखेना.

"मावशी, यंत्र नाही म्हणतंय. उद्या या."

त्या उद्या आल्या. परवाही आल्या.

"अरे बाला, मी हाय ना हितं? सकाळी तुज्या घरा बोंबील कोनी दिलं?"

मला एकदम मॉडेम आठवला. 'सापडत नाही' एवढंच यंत्र सांगत होतं. त्याचं 'नाही' मी केलं होतं, आणि तेही सकाळी तिचेच बोंबील खाऊन. तिला तीन दिवस हेलपाटे पडले, ते यंत्रामुळे म्हणावेत की माझ्यामुळे? कागदी फॉर्म पहिल्या दिवसापासून माझ्या खणातच होता. तो भरला, साहेबांपुढे ठेवला. मावशींना समोर बघून त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी मावशींनी दारात टोपली उतरवली आणि महिन्याची उधारी मागितली. त्या हयात आहेत, हे मीच लिहून दिलेलं. बोलणार काय?