मोकळी गाडी, नवे पाटे

गाडी सपाट जागेवर लावा आणि इंजिन बंद करा. लगेच उतरू नका. गॅरेजला फोन लावून दोन शब्द सुनावावेसे वाटत असतील, तर ते जरा वेळ राहू द्या. पिकअपचे जुने पाटे बसले होते, गाडीची मागची बाजू खाली आली होती, म्हणून नवे टाकले. टाकतानाच ‘एक पाटा वाढवून द्या, माल जास्त असतो’ असंही सांगून झालं. आता टोमॅटोच्या जाळ्या भरून पिंपळगाव बसवंतच्या बाजाराला निघालं की गाडी झकास चालते. जाळ्या रिकाम्या करून घरी फिरलं की कंबरडं मोडतं.

आजचा परतीचा रस्ता आठवा. सावकाश, एकेक खड्डा. सगळे गचके एका जातीचे नसतात, आणि कोणता गचका कुठे लागला हे अंगाला नेमकं ठाऊक असतं. गतिरोधकावर मागची बाजू उचलून आदळली का? की डांबराच्या ठिगळांवरून, बारीक खडीवरून जातानाही सीटखाली सतत खरखर चालू होती, जणू मागे पाटे नाहीतच? मोठा दणका बसल्यावर गाडी एकदाच उडून थांबली, की दोन-तीनदा झुलली? घाईनं ‘हार्ड लागते’ एवढंच म्हटलं, तर मेकॅनिकही घाईनंच उत्तर देतो, आणि ते बहुतेक वेळा ‘शॉकअप टाकू’ असं असतं. उत्तर कदाचित बरोबरही असेल. पण अजून प्रश्नच पुरता ठरलेला नाही.

आता उतरा. मागच्या चाकाजवळ उकिडवे बसा आणि नुसतं बघा. सगळ्यात वर लांब मुख्य पाटा, त्याची दोन्ही टोकं गुंडाळून केलेली गोल भोकं, त्यांत रबराचे बुश. मुख्य पाट्याखाली एकाखाली एक आखूड होत गेलेले पाटे. मधोमध सगळ्यांना आरपार धरणारा सेंटर बोल्ट, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी एक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट. पुढचं टोक चॅसीला जागच्या जागी अडकवलेलं. मागचं टोक शॅकलवर लोंबतं, कारण वजन आलं की कमान सपाट होते, पाटा लांबतो आणि त्या लांबीला सरकायला जागा लागते. शॅकल किती कलला आहे ते बघा. नव्या पाट्यांची कमान जास्त असते, त्यामुळे गाडी रिकामी असताना तो उभा किंवा उलट्या बाजूला कललेला दिसला, तर पाट्याला मोकळेपणी लांबता येत नाही.

आणखी जवळ जा. आखूड पाट्याचं टोक वरच्या पाट्याला टेकतं त्या रेषेकडे बघा. चाललेल्या पाट्यांवर तिथे घासून चकचकीत पट्टा उमटलेला असतो. तुमच्याकडे तिथे अजून काळा रंग असेल, दोन पाट्यांना जोडून बसलेला. म्हणजे छोट्या धक्क्याला पाटे एकमेकांवर सरकतच नाहीत. तेवढ्यापुरता तो सगळा गठ्ठा एकाच जाड लोखंडी पट्टीसारखा वागतो. मोठा धक्का आला की घर्षण सुटतं, पाटे हलतात. सीटखालची ती बारीक खरखर बऱ्याचदा इथून येते. पाट्यांच्या टोकांत ग्राफाइट ग्रीस घातलं आणि काही दिवस माल वाहिला, की ती बरीच कमी होते. टोकाखाली प्लॅस्टिकच्या चकत्या असतील तर त्यांना हात लावू नका, आणि बुशच्या रबराला ग्रीस लागू देऊ नका. तेलकट ग्रीसनं रबर फुगतं.

आता थोडं मागे सरून रिकाम्या हौद्याकडे बघा. एक साधा हिशेब मनात मांडायचा आहे. समजा, रिकाम्या गाडीच्या वजनानं मागचे पाटे 6 सेंटिमीटर दबतात. तेवढ्या दाबावर गाडीचा मागचा भाग सेकंदाला साधारण 2 वेळा वरखाली होतो. माल भरून पाट्यांवरचं वजन तिप्पट झालं तर पाटे 18 सेंटिमीटर दबतील आणि झुलणं सेकंदाला 1.2 वेळांवर येईल. प्रवासी मोटारीचं झुलणं साधारण 1 ते 1.5 च्या घरात ठेवतात, कारण माणसाला ते मानवतं. म्हणजे ज्या पाट्यांवर भरली गाडी मोटारीसारखी चालते, त्याच पाट्यांवर रिकामी गाडी उडणारच. दाब आणि वजन यांचं हे नातं रॉबर्ट हूकनं 1676 मध्ये अक्षरं उलटसुलट करून लपवून छापलं आणि 1678 मध्ये उघड केलं. इतकं सरळ नातं लपवावंसं वाटलं, याची मला अजून गंमत वाटते. पाट्यात बिघाड नसताना लागणारा गचका कोणता, हे कळायला मात्र तेच नातं उपयोगी पडतं.

ते ताडून बघायला खर्च नाही. घरात सिमेंटच्या 50 किलोच्या पिशव्या असतील तर चार-सहा हौद्यात टाका, एक्सलच्या वर येतील अशा, आणि नीट बांधा. तोच रस्ता, तोच वेग. गाडी शांत झाली तर पाटे आपलं काम करत आहेत. रिकाम्या गाडीत त्यांना काम कमी पडतंय. तरीही बारीक खरखर तशीच राहिली, तर काहीतरी अडकलेलं आहे. मग पुढचं वाचा, आणि सावकाश वाचा, कारण माझ्या मते निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटाव्यात.

पाटे बसवले तो दिवस डोळ्यांपुढे आणा. गाडी जॅकवर, चाकं काढलेली, एक्सल खाली लोंबतोय. कारागिरानं पाट्याच्या पुढच्या टोकाचा आणि शॅकलचा बोल्ट ओवला आणि तिथेच, त्या लोंबत्या अवस्थेत, पान्यानं कचकचून आवळला. बऱ्याच बुशांत रबर आतल्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं, आणि बोल्ट आवळला की ती नळी जागीच पकडली जाते. मग चाकं लागली, जॅक खाली आला, गाडीचं वजन पाट्यांवर आलं, पाट्याचं टोक फिरलं. नळी फिरू शकत नाही, म्हणून रबर पिळलं गेलं. आता गाडी उभी असतानाही ते पिळलेलंच असतं आणि प्रत्येक हालचालीला उलटं ओढतं. पाटा जेवढा कडक आहे त्यावर ही ओढ वेगळी, आणि तिचा मालाशी काही संबंध नाही. अशानं रबर लवकर फाटतं, ते निराळंच.

उपाय साधा आहे. गाडी चाकांवर, सपाट जागी, तिच्या रोजच्या उंचीला उभी करा. चाकांना दगड लावा. बुशचे बोल्ट थोडे सैल करायला सांगा. हौद्याच्या कडेवर भार देऊन गाडी चार-पाच वेळा हलवा. रबराला आपली जागा सापडू द्या. मग त्याच उभ्या स्थितीत बोल्ट ठरलेल्या ताकदीला आवळा. यू बोल्टचं वेगळं: ते सैल ठेवून भागत नाही. नवे पाटे काहीशे किलोमीटर चालले की ते पुन्हा एकदा आवळावेच लागतात, नाहीतर सेंटर बोल्टवर सगळा ताण येऊन तो तुटतो.

टायरची हवा तुम्ही बघितलीच असेल. तरी एकदा गेजनं मोजा, थंड टायरवर. माल भरताना वाढवलेली हवा परतीच्या रस्त्यावर तशीच राहते, आणि टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे. दारावरच्या पट्टीवर रिकाम्या आणि भरल्या गाडीसाठी वेगळे आकडे दिले असतील तर ते पाळा.

आता त्या वाढवलेल्या पाट्यापाशी या. पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनानं वाढतो. 7 मिलिमीटरऐवजी 8 मिलिमीटरचा पाटा आला, तर तो दिसायला किंचित जाड, पण कडक जवळजवळ दीडपट. म्हणून जुने पाटे भंगारात जाण्याआधी त्यांची जाडी कॅलिपरनं मोजून घ्यायला हवी होती असं वाटत असेल, तर दुकानात अजून पडलेत का ते विचारा. नवे जाड निघाले तर जादा पाटा न टाकताही गाडी कडक झाली असती.

मग स्वतःला विचारा, आणि उत्तराला वेळ द्या: वर्षाचे किती महिने गाडी भरून चालते? सीझनमध्ये एका फेरीला 20 किलोच्या किती जाळ्या? आरसीवर लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त माल भरता यावा म्हणून तो पाटा मागितला होता का? तसं असेल तर पाटा काढा आणि जाळ्याही कमी करा. ब्रेक आणि एक्सल त्या जादा पाट्यामुळे मजबूत झालेले नाहीत. काढायचा तर दोन्ही बाजूंचा, सारख्याच लांबीचा. मुख्य पाट्याला आणि त्याला लागून असलेल्या दुसऱ्याला हात लावायचा नाही. मुख्य तुटला तर एक्सल धरून ठेवणारा तो दुसराच. हे काम पाटेवाल्याकडेच करा. शिकंज्यात न पकडता सेंटर बोल्ट सोडला तर दाबलेले पाटे उसळतात. आणि कमान कमी करायला गॅसनं तापवतो म्हणणारा भेटला तर गाडी घेऊन निघा. तापवलेल्या पोलादाचं पाणी उतरतं आणि पाटा थोड्याच दिवसांत बसतो किंवा तुटतो.

शॉकअपचा विषय यानंतर काढायचा. तेही गाडी गचक्यानंतर झुलत राहत असेल तर, किंवा तेल गळून नळकांडं ओलं दिसत असेल तर.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब हौद्यातल्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करणारा एक व्हॉल्व्ह चॅसीला असतो, आणि त्याची दांडी एक्सलला जोडलेली असते. चॅसी आणि एक्सलमधलं अंतर बघून तो वजन ओळखतो. नव्या पाट्यांनी गाडी वर उचलली गेली की त्याला भरली गाडीही अर्धी रिकामी वाटते आणि मागच्या चाकांना ब्रेक कमी मिळतो. पाटे ठेवा की काढा, काम झाल्यावर त्या दांडीचं सेटिंग कंपनीच्या मापाप्रमाणे करून घ्या, आणि हेडलाइटचा झोत भिंतीवर टाकून तपासा. मागची बाजू उंच झाल्यानं तो खाली गेलेला असेल.